पुढची लेन्स कुठली?

या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत: लेन्स घ्यायची आहे, कुठली घेऊ? म्हणून फ्लॅश, प्रिंट आणि मेमरी कार्डवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवलंय. एक विनंती मात्र आधीच करते. कॅमेऱ्याचं मॉडेल सगळे अगदी आकड्यानिशी कळवतात, पण फोटो कशाचे काढता ते बरेच जण लिहीतच नाहीत. मॉडेल विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

प्रश्न : क्रॉप सेन्सरचा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स, एवढ्यावर दीड वर्ष काढलं. आता आणखी एक लेन्स घेता येईल इतके पैसे बाजूला पडलेत. घरात संध्याकाळी मुलांचे फोटो दाणेदार आणि पुसट येतात, बाकी तक्रार नाही. सर्वात उपयोगी लेन्स कोणती?

उत्तर : तुमची शेवटची ओळ कामाची आहे, तिच्याकडे येतेच. त्याआधी एक छाननी करा. कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा; लहान तेवढं फ्रेममध्ये जास्त मावतं), अ‍ॅपर्चर, शटर स्पीड आणि आयएसओ नोंदवून ठेवतो. (अ‍ॅपर्चर म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक; आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, ती वाढवली की दाणे वाढतात.) लाइटरूम क्लासिक किंवा फुकट मिळणाऱ्या डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये फोटो फोकल लेंग्थप्रमाणे वेगळे काढता येतात. दीड वर्षाचे सगळे तसे लावून बघा. किट लेन्सवाल्यांचे ढीग बहुतेक वेळा दोन टोकांना सापडतात, १८ वर आणि ५५ वर.

५५ चा ढीग मोठा दिसला की लोक लगेच टेली झूम (दूरचं जवळ दाखवणारी लेन्स) मागवतात. जरा थांबा. त्यातले पंचवीस-तीस फोटो उघडून बघा: दोन पावलं पुढे जाता आलं असतं का? मधे पाणी, कठडा किंवा स्टेज असेल तर टेलीची गरज खरी. मधे काहीच नसेल तर ती गरज पायांची आहे. १८ च्या ढिगाला उलटा प्रश्न विचारायचा: पाठ खरोखर भिंतीला टेकली होती का?

मग बिघडलेले फोटो काढा (डिलीट केले नसतील अशी आशा आहे) आणि शंभर टक्के मोठे करून बघा. सगळी फ्रेमच एका दिशेला फरफटलीये, दिव्यांच्या ठिपक्यांच्या बारीक रेघा झाल्यात, तर तुमचा हात हलला. मागच्या कपाटावरची पुस्तकांची नावं वाचता येतायत पण मुलाचा हात पुसट आहे, तर मूल हललं. कान कोरीव आणि डोळा मऊ असेल तर फोकस चुकला. तिन्हीला लोक ‘ब्लर’ म्हणतात आणि तिन्हीसाठी एकच लेन्स शोधत बसतात. हात हलत असेल तर स्टॅबिलायझेशन असलेली लेन्स किंवा ट्रायपॉड. मूल हलत असेल तर मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स, कारण शटर वेगात चालवायचं तर उजेड हवा. फोकस चुकत असेल तर काहीही विकत घेऊ नका. फोकस पॉइंट स्वतः निवडायला शिका, नाहीतर कॅमेऱ्यात आय-डिटेक्शन (डोळा ओळखून त्यावर फोकस करणं) आहे का ते मेन्यूत शोधा.

तुमच्या त्या ओळीवरून माझा अंदाज दुसऱ्या तक्रारीचा आहे. किट लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही (एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं). एफ/१.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. जिथे आयएसओ ६४०० लागत होता तिथे ६४० ते ८०० वर काम होतं, किंवा आयएसओ मधे कुठेतरी ठेवून उरलेला उजेड शटरला देता येतो. मुलांच्या बाबतीत मी दुसरं करेन. आता यातली ३५ की ५०, हे पुढच्या पत्रात आलंच आहे.

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, सोबत १८-५५. जो तो सांगतो, पहिली प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स) ५० एफ/१.८ च घे. मित्राची आणून बघितली तर खोलीत दोन माणसंसुद्धा धड बसेनात. माझं काही चुकतंय का?

उत्तर : काही चुकत नाहीये तुझं. हा सल्ला फिल्मच्या दिवसांतून जसाच्या तसा उचललेला आहे. ३५ मिमी फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, तिचा कर्ण ४३ च्या किंचित वर. कर्णाच्या जवळपासच्या फोकल लेंग्थला नॉर्मल म्हणायची पद्धत आहे. १९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लायकाला ५० मिमीची लेन्स होती आणि तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसला. तुझा सेन्सर २३.५ बाय १५.६ चा. त्याच्यावर ५० लावली की फ्रेम फुल फ्रेमच्या (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) ७५ इतकी आवळते, कॅननच्या क्रॉपवर तर ८० इतकी. तुला नॉर्मल हवी असेल तर ती ३५.

किती बसेल हे लेन्स न घेता काढता येतं. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. तीन मीटरवरून ५० मध्ये १.४ मीटर रुंदी बसते, ३५ मध्ये दोन मीटर. सोफ्यावर तिघं बसले असतील तर या साठ सेंटिमीटरवर सगळं अवलंबून.

५० टाकाऊ आहे असं मात्र समजू नकोस. फक्त चेहरा हवा असेल तर ३५ घेऊन खूप जवळ जावं लागतं, आणि अर्ध्या-पाऊण मीटरवरून कुणाचंही नाक आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. त्याला लेन्स जबाबदार नाही, अंतर जबाबदार आहे. ५० तुला दीड मीटर मागे उभं राहू देते. त्या अंतरावर एफ/१.८ ला फोकसची खोली (पुढचं-मागचं जेवढं धारदार दिसतं तेवढं अंतर) साधारण साडेसहा सेंटिमीटर मिळते. डोळ्यावर फोकस केलास तर कान मऊ होतील, तेवढं धरून चाल.

मित्राची लेन्स परत कर आणि स्वतःच्या १८-५५ ची रिंग चिकटपट्टीने ३५ वर पक्की कर. चार दिवस तसाच वापर, मग चार दिवस ५० वर. पट्टी काढावीशी कधी जास्त वाटली ते लक्षात राहीलच.

प्रश्न : हौशी नाटकांचे आणि नृत्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढते. फुल फ्रेम बॉडी आहे. ७०-२०० घ्यायची ठरवली आहे, पण एफ/२.८ की एफ/४? दुकानदार म्हणाला, एफ/४ मध्ये पाच स्टॉपचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) स्टॅबिलायझेशन आहे, त्यामुळे फरक पडणार नाही.

उत्तर : हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, त्यामुळे जरा लांबण लागेल.

दुकानदाराचं म्हणणं स्थिर वस्तूपुरतं बरोबर आहे. अंधाऱ्या सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्यांचा फोटो एफ/४ वर हातात धरून छान येईल. पण स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, नर्तिकेच्या गिरकीशी त्याचं देणंघेणं नाही. गिरकीत बोटं धारदार हवी असतील तर १/५०० सेकंदाचा शटर स्पीड तरी लागतो. बोलणाऱ्या नटाला १/२०० पुरतो, तोही वाक्याच्या शेवटी नट क्षणभर थांबतो तेव्हा बटण दाबायची सवय असेल तर त्याहून कमी.

आता उजेडाचा हिशेब. बऱ्यापैकी उजळ रंगमंचावर मी एफ/२.८, १/२५० आणि आयएसओ ३२०० पासून सुरुवात करते. त्याच शटरला एफ/४ वर ६४०० लागतो, एफ/५.६ वर १२८००. हल्लीच्या फुल फ्रेम बॉडीवर ६४०० चा फोटो मासिकात छापता येतो. तेव्हा निव्वळ नाटकांसाठी एफ/४ ला माझी हरकत नाही. हलकी पडते, तीन अंकी प्रयोगात मनगट वाचतं. नृत्यात १/२५० चा १/५०० झाला की तोच आकडा १२८०० वर जातो. त्यात दिग्दर्शकाने सगळा रंगमंच गडद निळ्या एलईडीत बुडवला असेल, तर सेन्सरच्या तीन रंगांतल्या एकालाच धड उजेड मिळतो आणि चेहऱ्यावर दाणे अक्षरशः मोजता येतात. नृत्य महत्त्वाचं असेल तर एफ/२.८. नवी परवडत नसेल तर त्याच कंपनीची आधीच्या पिढीतली, चांगल्या अवस्थेतली जुनी घ्या. नव्या एफ/४ पेक्षा जुनी एफ/२.८ तुमच्या जास्त उपयोगाची.

कुठे बसता हे पत्रात नाही, पण ते कळल्याशिवाय २०० चा अर्थ नाही. कॅमेरा उभा धरला तर दहा मीटरवरून २०० मिमीत बरोबर १.८ मीटर उंची मावते. म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत, आणि हात वर केला की बोटं कापली. तिथून खरं काम १३५-१५० वर होतं. वीस मीटर मागे गेलात तर तोच माणूस अर्ध्या फ्रेमचा होतो.

झूमचा हट्ट नसेल तर ८५ एफ/१.८ चाही विचार करा. एफ/२.८ पेक्षा सव्वा स्टॉप जास्त उजेड, आणि वजन ७०-२०० एफ/२.८ च्या निम्म्याहूनही कमी. लोक घाबरतात की एवढं अ‍ॅपर्चर उघडलं तर एकच पात्र फोकसमध्ये राहील. दहा मीटरवरून ८५ ला एफ/१.८ वर जवळजवळ दीड मीटरची खोली मिळते. शेजारी उभी दोन पात्रं त्यात आरामात बसतात.

आणि आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावत असाल, तर एलईडीखाली आधी दोन-चार फोटो काढून मोठे करून बघा. आडवे पट्टे दिसले तर मेकॅनिकल शटरवर या, पहिल्या रांगेतल्यांनी वळून पाहिलं तरी.

प्रश्न : पक्ष्यांचं वेड लागलंय. ७०-३०० आहे, क्रॉप बॉडी, २४ मेगापिक्सेल. छोटा खंड्या फ्रेममध्ये ठिपक्याएवढा येतो. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (बॉडी आणि लेन्सच्या मधे बसणारा, फोकल लेंग्थ वाढवणारा जोड) घेऊ की १५०-६००?

उत्तर : आधी ठिपका मोजू. ३०० वर वीस मीटरवरून तुमच्या फ्रेमची रुंदी १.५७ मीटर. छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सोळा सेंटिमीटर. म्हणजे फ्रेमचा दहावा हिस्सा, सहा हजारांतले सुमारे सहाशे पिक्सेल. मोबाइलवर मित्रांना दाखवायला पुरतात, भिंतीवर लावायला नाही.

कन्व्हर्टरने ३०० चे ४२० होतात आणि एक स्टॉप जातो, एफ/५.६ चा एफ/८ होतो. बऱ्याच डीएसएलआर (आत आरसा असलेले कॅमेरे) एफ/८ ला फोकस करताना अडखळतात किंवा करतच नाहीत. शिवाय बहुतेक कंपन्यांचे कन्व्हर्टर अशा साध्या झूमवर बसतच नाहीत, त्यांची पुढची काच लेन्सच्या मागच्या काचेवर आपटते. तुमच्या लेन्ससाठी मी तो पर्याय सोडून देईन.

६०० मिमी लावली की सहाशेचे बाराशे पिक्सेल होतात. वीस मीटरचे दहा मीटर केले तरी तेच बाराशे, आणि हे दुसरं काम ७०-३०० नेही होतं. दुपारी तर दुसराच मार्ग बरा. जमीन तापली की वीस-तीस मीटर हवेतली थरथर फोटोत उतरते आणि कितीही महाग काच असली तरी पिसं लोण्यासारखी मऊ येतात. खंड्याच्या बाबतीत जवळ जाणं जमण्याजोगं आहे, कारण तो ठरावीक फांदीवर परत परत येऊन बसतो. फांदी हेरा, पक्षी उडून गेल्यावर आडोसा धरून जाऊन बसा आणि हलू नका. आला तर आला. घरटं मात्र यातून वगळायचं; घरट्याजवळ मुक्काम ठोकणाऱ्यांना या सदरात उत्तर मिळणार नाही.

हे सगळं करून, पहाटे उठून, तरीही ३०० अपुरी पडते असं तुमचे फोटो सांगत असतील तर १५०-६०० जरूर घ्या. साधारण दोन किलो किंवा त्याहून जास्त वजन, ६०० वर एफ/६.३, आणि समोरच्या काचेचा व्यास पाहून लोक प्रश्न विचारायला येतात ते वेगळंच. उडत्या पक्ष्याला १/२००० लागतो, त्यामुळे ढगाळ सकाळी आयएसओ वर जाणारच. कॅननच्या मिररलेस बॉडीवाल्यांना २०२० साली आलेली ६०० एफ/११ ही एक वेगळी वाट आहे: एक किलोच्या आत, पण अ‍ॅपर्चर एफ/११ वर कायमचं अडकलेलं. उन्हात बसलेल्या पक्ष्याला चालते, झाडीतल्या पक्ष्याला नाही.

प्रश्न : कीटकांसाठी मॅक्रो लेन्स हवी. ६० की १००? एक्स्टेंशन ट्यूबने (बॉडी आणि लेन्सच्या मधे लावायच्या नळीने) भागतं असंही ऐकलं. माझ्याकडे ५० एफ/१.८ आणि ५५-२५० आहे.

उत्तर : भागतं, काही अंशी. मॅक्रोचा खरा अर्थ १:१, म्हणजे वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. बारा मिलिमीटरचा उड्या मारणारा कोळी क्रॉप सेन्सरवर अर्धी फ्रेम व्यापतो, पुढचे दोन मोठे डोळे आणि त्यांच्या कडेचे दोन छोटे स्पष्ट वेगळे दिसतात, आणि नशीब चांगलं असेल तर मोठ्या डोळ्यात तुमच्याच डिफ्यूझरचा (फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या पडद्याचा) पांढरा चौकोन.

ट्यूबचा हिशेब सोपा: ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ, तेवढं वर्धन वाढतं. ५० वर २५ मिमीची ट्यूब लावली की ०.५ ची भर. ट्यूबमध्ये काच नसते, नुसती पोकळी, त्यामुळे काच बिघडवायचा प्रश्न नाही. मात्र विद्युत संपर्क असलेलीच घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. तोटा हा की लेन्स वस्तूच्या नाकाशी जाते. फुलावर, बुरशीवर, नाण्यावर चालेल, चतुर तेवढ्यात उडून गेलेला असतो.

तुमच्या ५५-२५० साठी मला वेगळं सुचतं. तिच्या पुढे दोन काचांची क्लोज-अप लेन्स लावा, +२ पॉवरची. मग फोकस अर्ध्या मीटरवर येतो आणि २५० वर वर्धन साधारण ०.५ मिळतं. अर्ध्या मीटरवरून फुलपाखरू बिथरत नाही. एकाच काचेच्या स्वस्त क्लोज-अप फिल्टरचा संच येतो, त्याच्या कडांना जांभळी झालर दिसते, तो नको.

या दोन्हीवर एक मोसम काढलात आणि तरीही भूक राहिली, तर खरी मॅक्रो. त्यात मी १०० सांगेन. १:१ वर ६० च्या पुढच्या काचेपासून किडा जेमतेम पाच ते नऊ सेंटिमीटरवर असतो, १०० ला तेरा-चौदा मिळतात. एवढ्याशा फरकात तुमची सावली किड्यावर पडणं थांबतं आणि फ्लॅशचा उजेड बाजूने शिरायला जागा होते. १:१ वर एफ/८ ला फोकसची खोली एक मिलिमीटरही भरत नाही, आणि तिथे लेन्स प्रत्यक्षात एफ/१६ एवढाच उजेड देत असते. त्यामुळे कीटकांच्या मॅक्रोत फ्लॅश आणि त्याच्यावरचा डिफ्यूझर याला लेन्सइतकंच महत्त्व आहे. पैसे मोजताना तो धरूनच मोजा. ऑटोफोकस बंद ठेवा. रिंग न फिरवता अंगानेच पुढे-मागे झुलत, डोळा धारदार दिसला की बटण. मॅक्रो लेन्स एफ/२.८ ची घेतलीत तर पोर्ट्रेटलाही चालते, पण त्यासाठी घेऊ नका.

प्रश्न : डोंगरदऱ्यांच्या फोटोंसाठी १६-३५ घ्यावी म्हणतो. फुल फ्रेम आहे, २४-१०५ सोबत. सगळा देखावा एका फ्रेममध्ये यायला हवा.

उत्तर : सगळा देखावा आला की डोंगर टेकडीएवढे होतात. वाइड लेन्स दूरच्या गोष्टी लांब ढकलते आणि पायाजवळच्या मोठ्या करते. म्हणून ती तेव्हा घ्यावी जेव्हा पायाजवळ दाखवण्यासारखं काही असतं: खडकातलं पाणी, वाळलेलं गवत, पायवाटेचं वळण. गुडघ्यावर बसायची तयारीही हवी.

तुमच्या २४ वरच हे शिकता येईल. एफ/८ ला २.४ मीटरवर फोकस केलात तर १.२ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. नुसती रुंदी हवी असेल तर कॅमेरा उभा धरून, ५० वर, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढतील असे पाच-सहा फोटो काढा आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडा. डोंगर डोंगराएवढाच राहील. मला विचाराल तर डोंगरांचे चांगले फोटो ७० ते २०० च्या मधे जास्त मिळतात, एकामागे एक धुरकट होत गेलेल्या रांगा तिथेच सापडतात. रात्रीच्या आकाशाचा बेत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे २० किंवा २४ मिमीची एफ/१.८ प्राइम बघा, एफ/४ ची १६-३५ कमी पडेल.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात स्क्रू माउंटच्या (कॅमेऱ्याला आटे फिरवून बसणाऱ्या) दोन जुन्या लेन्स सापडल्या, ५० आणि १३५. डिजिटलवर लावता येतील का?

उत्तर : स्क्रूचा व्यास ४२ मिमी असेल तर ते एम४२ माउंट. मिररलेस असेल तर बिनदिक्कत लावा. या लेन्सना सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर हवं असतं. सोनी ई माउंटचं अंतर १८, निकॉन झेडचं १६. उरलेली जागा अ‍ॅडॉप्टर भरून काढतो. कॅननच्या डीएसएलआरवरही जमतं, तिथे अंतर ४४ आहे. निकॉनच्या डीएसएलआरवर ४६.५ असल्यामुळे साध्या अ‍ॅडॉप्टरने लांबचा फोकस लागत नाही. मेन्यूत ‘लेन्स नसताना शटर’ चालू करा, फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावा. अ‍ॅपर्चर लेन्सच्या रिंगवर.

लावण्याआधी लेन्स पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धूळ दिसेल, ती सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर बुरशी. कडेला इंद्रधनुषी डाग दिसला तर जोडलेल्या काचा सुटायला लागल्यात. बुरशीची लेन्स बाकीच्या लेन्ससोबत एका पिशवीत ठेवू नका. थोडी असेल तर जाणत्या कारागिराकडून साफ होते, पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही. अ‍ॅपर्चरची पाती तेलकट दिसतात का तेही बघून घ्या. पातं दिसलं म्हणून बोट लावू नका.

यावरून आठवलं: जुनी निकॉन एएफ-डी लेन्स घेऊ का, असंही एकाने विचारलंय. डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नाही, तिथे ती लेन्स हातानेच फोकस करावी लागेल. एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावून निकॉनच्या मिररलेस झेड बॉडीवरही तेच.

प्रश्न : पुढे फुल फ्रेमवर जायचंय. आत्तापासूनच फुल फ्रेमच्या लेन्स घेऊ का?

उत्तर : बॉडी येत्या वर्षात येणार असेल तर हो. ‘कधीतरी’ असेल तर नाही. जास्त वजन आणि जास्त पैसे आज देऊन तुमच्या सेन्सरवर न जुळणारी रेंज पदरात पडते. २४-७० क्रॉपवर ३६-१०५ होते आणि वाइडची बाजूच गायब.

प्रश्न : प्रत्येक लेन्सवर यूव्ही फिल्टर लावावा का?

उत्तर : समुद्राकाठी, वाळूत, लहान मुलांच्या आसपास लावा. रात्री दिवे फ्रेममध्ये असतील तर काढा, दिव्यांची हिरवट भुतं दिसतात. एरवी हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारी कड) लावा, धक्क्यापासून काचेला तो जास्त वाचवतो.

प्रश्न : १८-३०० घेतली तर बाकी काही लागणारच नाही ना?

उत्तर : लेन्स बदलायचा कंटाळा असेल तर खुशाल घ्या, वाईट मानू नका. ३०० वर कडा मऊ आणि अ‍ॅपर्चर एफ/६.३ हे मान्य असेल तर. अंधार पडला की एक छोटी ३५ एफ/१.८ लागेलच.

प्रश्न : नवी लेन्स घरी आल्यावर ती निर्दोष आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर विटांची भिंत किंवा पुस्तकांनी भरलेली मांडणी. सेन्सर भिंतीला समांतर, दोन सेकंदांचा टायमर, स्टॅबिलायझेशन बंद. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून एक फोटो, एफ/५.६ वर एक, एफ/८ वर एक. झूम असेल तर दोन्ही टोकांना आणि मधे. मोठे करून चारही कोपरे एकमेकांशी ताडून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सचा स्वभाव, एफ/८ ला बहुधा सुधारेल. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल तर आधी कॅमेरा तिरका होता का ते तपासा आणि चाचणी पुन्हा करा. पुन्हा तीच बाजू मऊ आली तर आतली काच सरकलेली आहे. परत करायची मुदत बघा, खोका आणि पावती सांभाळून ठेवा आणि बदलून मागा. हे पहिल्या आठवड्यात उरका, सहलीवरून आल्यावर नको.